जैसे थे

भेग मोजायला फार अक्कल लागत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. दोन पारदर्शक पट्ट्या असतात, एकीवर बारीक चौकटी, दुसरीवर लाल फुली. एक भेगेच्या अलीकडे चिकटवायची, दुसरी पलीकडे. भेग रुंदावली की फुली चौकटींवरून सरकते. किती सरकली ते वाकून बघायचं, वहीत लिहायचं आणि घरातल्यांनी पाणी विचारलं तर नको म्हणून पुढच्या दारी जायचं. शहराच्या पोटातून नवी रेल्वे जायची होती. भुयार खणणारं यंत्र रोज दहा-बारा मीटर पुढे सरकायचं, आणि त्याच्या वर ज्यांचे संसार होते त्यांच्या भिंतींवर अशा दोनशे चौदा पट्ट्या लावलेल्या होत्या. त्या वाचण्याचं काम त्याचं. वार ठरलेले, गल्ल्या ठरलेल्या. लोक त्याला भेगवाले म्हणायचे. खरं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही आणि त्यानेही ते सांगितलं नाही.

लोकांच्या तक्रारी असायच्या. कपाटातली भांडी वाजतात, दारं घासतात, झोप लागत नाही. एक आजोबा म्हणाले होते, "भिंतीला कान असतात हे ऐकून होतो. आमच्या भिंतीला तोंडही फुटलं." त्यावर तो मनापासून हसला होता. मग आजोबा दर आठवड्याला तेच म्हणायला लागले आणि तो दर आठवड्याला तेवढंच हसायला लागला.

माणूस वाईट नव्हता. पण गेल्या वर्षभरात तो आतून बधिर झाला होता, दाढ काढण्याआधी गाल होतो तसा. त्याची बायको आजारी होती. हृदय थकलंय, एवढंच डॉक्टर सांगायचे. आधी ते वर्षांच्या भाषेत बोलत, मग महिन्यांच्या. परवा तिला बाहेर बसवून त्यांनी त्याला आत बोलावलं, "आता आठवडे धरून चालू," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. परतताना बसमध्ये तिने विचारलं, काय म्हणाले? "जैसे थे," तो म्हणाला. ती थांबा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

हे शब्द त्याच्या वहीतलेच. प्रत्येक पट्टीसमोर आकड्याचा एक रकाना आणि शेऱ्याचा एक. घर बंद असेल तर आकडा कुठून आणायचा? रकाना कोरा ठेवला तर कचेरीतल्या पडद्यावर त्या घरावर लाल ठिपका यायचा, आणि लाल ठिपका म्हणजे जमिनीखालचं यंत्र बंद. एक दिवस यंत्र थांबलं की साहेबांना वरून फोन, आणि साहेबांचा त्याला. म्हणून त्याच्यासारखे मोजणारे सगळेच एक गोष्ट करायचे. मागच्या आठवड्याचा आकडा पुन्हा लिहायचा आणि शेऱ्यात घालायचं, जैसे थे. घर लागोपाठ तीन आठवडे बंद मिळालं तर वर कळवायचं असा नियमही होता. नियम भिंतीवर लावलेला होता आणि त्याच्यापुढे कपाट होतं.

सहाव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं घर असंच बंद असायचं. तिथे एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. पट्टी लावली त्या दिवशी तेवढं त्यांना पाहिलेलं. निळी शाल पांघरून टेबलाशी सफरचंद चिरत होत्या. पट्टी तिरकी लागतेय हे त्यांनी बसल्या जागेवरून ओळखलं, दोनदा सरळ करायला लावली, मगच "हं" म्हणाल्या. आकडा आला शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर. पुढच्या मंगळवारी बेल वाजवली तर दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. मुलाकडे गेल्या असतील असं त्याने धरलं. ०.३, जैसे थे. पुन्हा ०.३, जैसे थे. ये रे माझ्या मागल्या, असं दहा आठवडे चाललं. मधल्या काळात यंत्र त्या इमारतीखालून गेलंसुद्धा.

अकराव्या मंगळवारी त्याने सवयीने बेल दाबली, उत्तराची वाट न बघता वही उघडली, आणि दार उघडलं.

बाई निळ्या शालीत उभ्या होत्या. चेहऱ्यावर वैताग होता, वर्गात पुन्हा पुन्हा एकच शंका विचारणाऱ्या मुलाकडे बघावं तसा.

"आता काय राहिलं?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून दहा वेळा येऊन गेलात. ही अकरावी."

तो म्हणाला, मी आजच येतोय. इतके दिवस घर बंद होतं.

"बंद कशाला असेल? मी इथेच आहे. तुम्ही येता, भिंतीपाशी उभे राहता, जाता. विचारलं तर बोलत नाही. बेलही वाजत नाही."

तो आत गेला, कारण कामच ते होतं. टेबलावर बशीत सफरचंदाच्या चार फोडी होत्या, पांढऱ्याशुभ्र, कडेला अजून रस. शेजारी वर्तमानपत्र. वरच्या पानावर नव्या पुलाच्या उद्घाटनाचा फोटो होता. तो पूल सुरू होऊन दोन महिने उलटले होते, आणि त्यावर पहिला खड्डाही पडला होता. खोलीत उष्मा नव्हता, थंडी नव्हती, बाहेरच्या रस्त्याचा आवाज नव्हता.

तो भिंतीपाशी वाकला. खालच्या मजल्यावर हीच भेग साडेपाच मिलिमीटर झालेली त्याने दहा मिनिटांपूर्वी पाहिली होती. आत नाणं उभं राहिलं असतं. तिथून ती जिन्याच्या भिंतीवरून वर चढत आली होती आणि या घराच्या उंबऱ्यापाशी येऊन केसाएवढी झाली होती. लाल फुली पहिल्या दिवशी होती तिथेच होती. शून्य पूर्णांक तीन.

त्याने आकडा लिहिला. या वेळी शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला, कारण आकडा डोळ्यांनी बघितलेला होता. बाईंनी विचारलं, आता झालं ना? तो म्हणाला, झालं. मग त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि फोडींची बशी हातात घेतली. फार वेळ घरात कुणी ताटकळत बसलं असावं आणि ते एकदाचं उठून जावं, तसा तो सुस्कारा होता.

पुढच्या मंगळवारी घराचं दार बिजागरीतून निखळलेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं, बुधवारी सकाळपासून वास यायला लागला, मग फोडलं. बाई खुर्चीतच होत्या. अडीच महिने तरी झाले असावेत असं डॉक्टरांचं म्हणणं. "आणि मंगळवारपर्यंत वासाचा मागमूस नाही," गृहस्थ म्हणाले. "सांगा आता." तो आत जाऊन भिंत बघून आला. भेग जमिनीपासून छतापर्यंत गेली होती आणि पट्टी मधोमध तुटून दोन बाजूंना लटकत होती. टेबलावरच्या बशीत काळं, सुकलेलं काहीतरी होतं.

तीन आठवड्यांनी कळवलं असतं तर, हा विचार त्याला आला. लागायला हवा तेवढा लागला नाही. जिना उतरताना तो दुसऱ्याच गोष्टीचा हिशोब करत होता. न बघता लिहिलं, दहा आठवडे काही हललं नाही. एकदा बघितलं, आणि सगळं एका दिवसात येऊन पोचलं.

यंत्र पुढे सरकत सरकत त्याच्या स्वतःच्या वसाहतीकडे येत होतं. नवी यादी निघाली तेव्हा त्याचंही घर तिच्यात होतं. साहेब म्हणाले, बरं झालं, तुम्हाला तुमच्याच घरी चहा तरी मिळेल.

तो मंगळवार चांगला उगवला. कित्येक दिवसांनी बायको स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात गेली होती. केस विंचरलेले होते. चहाचे दोन कप आणून तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवले आणि तो स्टुलावर चढून आपल्याच भिंतीवर पट्टी चिकटवतोय हे बघून हसायला लागली. हसताना खोकला आला, तो तिने अर्ध्यावर दाबला.

"अहो, चहा प्याल की मोजतच बसाल?"

तो मोजून उतरला. शून्य पूर्णांक चार. खिडकीशी बसून त्याने चहा प्यायला. तिने विचारलं, आज लवकर याल? येतो, तो म्हणाला. तिच्याकडे त्याने नीट बघून घेतलं, कपाळापासून पावलांपर्यंत. मग बाहेर येऊन दार ओढलं, आणि खटका बसल्याचा आवाज ऐकून जिना उतरला.

त्यानंतर तो घरी गेला नाही.

झोपायला कामावरच्या पत्र्याच्या खोलीत एक बाक होतं. शेजाऱ्यांना सांगितलं, ती बहिणीकडे गेलीय. बहिणीचा, म्हणजे त्याच्या मेहुणीचा, दर रविवारी फोन यायचा. ताई कशी आहे? जैसे थे, तो सांगायचा. बोलायला द्या ना. झोपलीय, तो सांगायचा. एकदा मेहुणी रडली आणि म्हणाली, भाऊजी, तुम्ही होतात म्हणून ती टिकली. त्याने फोन कानापासून थोडा लांब धरला.

दर मंगळवारी तो आपल्या दारापर्यंत जायचा. बेल दाबायचा नाही. चावी खिशात असायची, तिच्यावर मूठ ठेवून दाराला कान लावायचा. आतून कप कठड्यावर ठेवल्याचा आवाज. दोन पावलं. अर्ध्यावर दाबलेला खोकला. मग तिचा आवाज, "आलात?"

तो उत्तर देत नसे. पायरीवर बसून लिहायचा. ०.४, जैसे थे.

यंत्र वसाहतीखाली आलं आणि गेलं. शेजारच्या घराची भिंत चार मिलिमीटर उघडली, खालच्यांच्या फरशा उखडल्या, समोरच्या इमारतीला टेकू लावावे लागले. त्याच्या घराचा आकडा हलला नाही. साहेब पडद्याकडे बघून म्हणाले, तुमची भिंत भलतीच भक्कम निघाली. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले, त्यावर आणखी सात गेले.

मग एका सोमवारी साहेबांनी सांगितलं की काम उरकलं. उद्याची पाहणी शेवटची. परवा माणसं येऊन पट्ट्या काढतील, वह्या जमा होतील. हे सांगताना ते खुशीत होते, सगळ्यांना बर्फी वाटत होते. त्याने एक तुकडा घेतला आणि वहीची पानं उलटली. उद्याच्या ओळीनंतर पानच नव्हतं.

मंगळवारी तो जिना सावकाश चढला. रात्रभर त्याने एकच गोष्ट ठरवली होती. लिहायला जागाच उरणार नसेल तर आजच दार उघडायचं. एकदा तिच्याकडे बघायचं, तिला बघू द्यायचं, येतो म्हणालो होतो ते खरं करायचं. पुढे जे व्हायचं ते आपल्यासमोर होईल.

त्याने चावी बाहेर काढली.

आत कप ठेवल्याचा आवाज आला. दोन पावलं. खोकला.

"आलात?"

त्याने चावी कुलपाला टेकवली.

"आलो," आतून कुणीतरी म्हणालं.

आवाज पुरुषाचा होता. थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली येणारा. रोज सकाळी दाढी करताना तो स्वतःशी बोलायचा, तो हाच आवाज.

"आज लवकर आलात," ती म्हणाली.

"म्हटलं होतं ना."

खुर्ची सरकली. दुसरा कप उचलला गेला. ती हसली, आणि या वेळी हसताना तिला खोकला आला नाही.

तो दारापाशी उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला काहीतरी वाटलं, आणि तो हेवा होता.

मग तो पायरीवर बसला, वही मांडीवर घेतली आणि शेवटच्या ओळीत आकडा लिहिला. शेऱ्यातला पहिला शब्द लिहून होतो न होतो तोच आतली पावलं दारापाशी आली. पलीकडे, हातभर अंतरावर, थांबली.

आणि आतून कडी लागली.