कोंडाजीचं उष्टं ताट

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या.

साल एकोणीसशे चौतीस. भाद्रपदातली दुपार. लोणावळ्याजवळ, कुसगावच्या डोंगराखाली, करवंदीच्या जाळीत एक प्रेत सापडलं.

आधी वास आला...

रतनबाईने पदर नाकाशी दाबला, तरी तो घशात उतरलाच. शी! प्रेताला चेहराच उरला नव्हता. तोंडाच्या जागी रटरटत्या भातासारखं काहीतरी वळवळत होतं.

मनगटातलं चांदीचं कडं मात्र ओळखीचं होतं. तिच्या नवऱ्याचं, कोंडाजीचं.

"शेवटचा कधी पाहिलास?" पंचनाम्याला आलेल्या फौजदाराने विचारलं.

"कालच सांच्याला. जेवून रेल्वेच्या रातपाळीला गेला, सायेब."

त्याच्यासोबत आलेल्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल बांधून काडीने माती उकरली. आत तपकिरी कोष होते. बरेचसे फुटलेले... रिकामे.

"माशी प्रेतावर अंडी घालते. अळी मांस खाऊन फुगते आणि मातीत शिरून कोष करते. इथं तर कोषांतून माश्याही उडून गेल्यात. याला मरून दहा-बारा दिवस तरी झालेत."

फौजदार भडकला. "म्हणजे तू खोटं बोलतेस! कुणाच्या मदतीने मारलंस?"

रतनबाईच्या डोळ्यांपुढे फासच आला.

तेवढ्यात तिची सासू, झुंबरबाई, पुढे झाली. "भंडारा उचलून सांगते, सायेब. माजा ल्योक रोज सांच्याला घरी जेवत व्हता. आमी दोगींनी पायलाय."

शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. त्यांनीही पाहिलं होतं.

फौजदार वरमला. "जा घरी," म्हणाला.

सुटली बिचारी! पण ती जागची हललीच नाही...

नवरा जेवून उठला की त्याच्याच उष्ट्या ताटात बायकोने जेवायचं, ही रीत. रतनबाई रोज जेवत होती. हल्ली त्यातला भात बुळबुळीत लागायचा, कुबट वास यायचा. तिने तांदळाला नावं ठेवली होती.

ती भडाभडा ओकली. आतडी बाहेर पडतील अशी.

मग तिने फौजदाराचे पाय धरले. "म्याच मारलं म्हना, सायेब. कोठडीत टाका. पर घरी धाडू नगा!"

इतक्यात धाकटा दीर, नथू, तिला शोधत गावाकडून आला. शेतातून थेट घरी गेलेल्या नथूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"वैनी, हितं काय करतीस? दादा वसरीवर बसलाय... म्हनतोय, लय भूक लागलीया. ताट वाढ म्हनं."

फौजदाराने मुकाट्याने रतनबाईला टांग्यात बसवून लोणावळ्याला नेलं. गुन्हा कोणता लावला, कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी कोंडाजीला कुणी वाढलं, हे मला आजवर कळलेलं नाही. आणि खरं सांगू? कळूही नये.