दहापैकी दहा

कुणी काहीही म्हणो, हे घडलंय. मी तिथेच बसले होते.

गेला शनिवार, दिवेलागणीची वेळ. माझा दादा गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिसच्या काउंटरवर असतो. त्याच्या गाडीवरून घरी जायचं म्हणून मी थांबले होते.

सर्व्हिसिंग करून गाडी परत दिली की दुसऱ्या दिवशी ग्राहकाला फोन करून गुण विचारायचे, ही तिथली पद्धत. दादाला टाइप करायला हात मोकळे लागतात, म्हणून फोन स्पीकरवर.

शेवटचा फोन एका रिटायर्ड मास्तरांना होता.

"ब्रेक नीट लागत नाही म्हणून तिसऱ्यांदा आलं होतं म्हातारं," दादा नंबर लावता लावता म्हणाला. "मनाचे खेळ नुसते. गाडी धुऊन चकाचक करून दिली. खूश."

"आणि ब्रेक?"

"वेळ कुणाला आहे?"

फोन उचलला गेला.

पलीकडे कुणी बोलेना. फक्त पाणी... हौद भरत चालल्यासारखं.

"सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण? दहाच द्या हं, नाहीतर साहेब मला झापतात."

बराच वेळ नुसतं पाणीच.

मग एक थकलेला आवाज... "दहा लिही, बाळा."

फोन बंद झाला. दादाने खुशीत मला डोळा मारला.

तेवढ्यात एक बाई काउंटरपाशी येऊन उभी राहिली. रडून रडून डोळे सुजलेले.

ती मास्तरांची मुलगी होती.

"बाबा काल गेले. गाडी उतारावरून थेट कालव्यात..."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्यांचा फोन कुणाकडे आहे?" मीच विचारलं.

"गाडीतच. गाडी अजून पाण्यातून काढली नाहीये."

मी काउंटरवरच्या फोनकडे पाहिलं.

"एवढंच विचारायला आले," ती दादाला म्हणाली. "घरी सगळे बाबांनाच दोष देताहेत. ब्रेक तपासले होते ना तुम्ही?"

'हो' म्हटलं असतं, तर तिने विश्वास ठेवला असता.

"नाही," दादा म्हणाला. "नुसती धुतली."

ती शिव्या देईल असं वाटलं होतं. ती खुर्चीत बसली आणि तोंड झाकून रडली.

दादाने पोलिसांतही तसंच लिहून दिलंय. कामावर जात नाही, जेवत नाही.

"मेलेला माणूस बोलला, त्याची भीती नाही ग," तो म्हणतो. "शून्य दिलं असतं तर मी समजू शकलो असतो. त्यांनी दहा का दिले?"

मी ताट त्याच्यापुढे सरकवते. दुसरं काय करणार?