शेवटची ओळ

भूकंपानंतरच्या त्या वर्षी माझं काम तसं साधं होतं. डोंगराच्या पायथ्याशी नवी घरं बांधायची, तर जमीन धड आहे का ते सांगायचं. उतारावरच्या एका भेगेच्या दोन्ही बाजूंना आम्ही खुंट्या ठोकल्या होत्या. रोज दुपारी टेप लावून त्यांच्यातलं अंतर मोजायचं. खाली पत्र्याच्या खोल्यांच्या तीन ओळी. पक्क्या घरांची वाट बघत लोक तिथंच राहत होते.

त्या दुपारी धुकं असं दाटलं होतं, की स्वतःचे बूट दिसेनात. टेप लावला. कालच्यापेक्षा वीतभर जास्त. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं, तर आणखी दोन बोटं वाढलेलं. ओल्या मातीचा उग्र वास आला आणि पायाखाली काहीतरी टरटरत फाटत गेलं... झाडांची मुळं तुटत होती.

पायवाट वळसा घेऊन मैदानाच्या बाजूला उतरायची; तिनंच मी धडपडत खाली आले. पहिल्याच ओळीत गवंडीकाका भेटले.

"काका, सगळ्यांना मैदानात न्या! डोंगर सुटतोय."

"आणि भांडीकुंडी?"

"जीव घेऊन पळा फक्त!"

दोन ओळी रिकाम्या झाल्या. उताराला अगदी टेकलेली तिसरी उरली. मी तिकडे वळले, तोच धुक्यात घरघर उठली. काकांनी दंडाला धरून मला मागं खेचलं.

मग समोर ओळ नव्हतीच. नुसता चिखल.

नऊ खोल्या. सदतीस माणसं. मी तिथंच चिखलाच्या कडेला बसले.

बऱ्याच वेळानं धुकं जरा विरळ झालं. "ताई, उठा..." काका पुटपुटले. "तिकडे बघा. मैदानात."

सदतीसच्या सदतीस! तीनदा मोजले. हसू आणि रडू एकदमच फुटलं. पिठाच्या हातांनीच बाहेर आलेल्या एकीचं बाळ मी कडेवर घेतलं. त्यानं माझं नाक ओढलं. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?" मी तिला विचारलं.

"कुणी म्हणजे? तुम्हीच आलात की दार वाजवत."

"मी... तुमच्या ओळीपर्यंत पोचलेच नाही गं."

ती माझ्या केसांकडे बघत राहिली. मग हळूच बाळाला परत घेतलं.

"तेव्हा केस चिखलानं थबथबले होते तुमचे," ती म्हणाली. "आणि 'चला' म्हणालात ना... तेव्हा तोंडातून माती सांडत होती."