मधला माल

सुरतेजवळ कामरेजच्या पुढे, हायवे सोडून आत उसाला लागून एक पत्र्याचा कारखाना आहे. तिथे पाण्याच्या फिल्टरमधल्या पांढऱ्या कँडल बनतात. भागीरथी तिथे हौदावर बसायची. भट्टीतून आलेली कँडल हौदातल्या नळीच्या तोंडावर बसवायची, पाण्यात बुडवायची आणि कॉम्प्रेसर सुरू करायचा. सगळ्या अंगातून सारखे बारीक बुडबुडे आले तर कँडल चांगली. एकाच जागेतून मोठा बुडबुडा फुटला तर तडा आहे, फेकून द्यायची. सारखं पाण्यात राहून तिची बोटं पांढरी पडली होती.

कँडलची सगळी करामत चाळणीत असते. भाजलेल्या मातीचा चुरा दोन चाळण्यांतून काढायचा. वरच्या चाळणीवर जाडंभरडं राहतं, खालच्या चाळणीतून पीठ गळून जातं, आणि मधे उरतो तो एकसारख्या दाण्यांचा माल. कारखान्यात सगळे त्याला मधला माल म्हणायचे. भट्टीत हे दाणे विरघळत नाहीत. राजगिऱ्याच्या लाडवासारखे, जिथे टेकले तिथे एकमेकांना धरून बसतात, आणि मधल्या फटी उघड्या राहतात. त्याच फटींतून पाणी झिरपतं. पीठ मिसळलं की फटी बुजल्या, म्हणून पीठ कोणालाच नको असतं. ते चाळणाऱ्याच्या वाट्याला येतं.

भागीरथीचा मुलगा गोपाल लग्नाच्या आधीपासून त्या चाळणीवर होता. पोळ्याच्या आसपास तो गेला. डॉक्टर म्हणाले, छाती भरली. कशानं भरली, ते कोणी सांगितलं नाही. शेठ भेटायला आला आणि विडीबद्दल चार शब्द बोलून गेला. गोपालनं जन्मात विडी ओढली नव्हती.

महिना गेला आणि सुपरवायझर भूपेंद्र निरोप घेऊन घरी आला. हाही त्यांच्यासारखा खानदेशातलाच, पण लहानपणी सुरतेला आलेला. बोलणं अर्धं गुजराती झालेलं.

“मासी, शेठ म्हणतात चाळणीवर वर्षाभाभीला पाठवा. घरनी जग्या घरमांज राहील.”

वर्षा, गोपालची बायको, दारात साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. तिनं मान वर केली नाही. “येईन मी,” म्हणाली.

भूपेंद्र गेल्यावर भागीरथी तिच्यासमोर बसली. “तठे जाऊ नको, माय. एक दिला तेवढा पुरे नाही का?”

“घरात बसून काय करू, आत्या? सगळा दिवस त्या खाटेकडे तोंड करून बसते मी.”

“खाट काढून टाकू.”

“काढा,” वर्षा म्हणाली, आणि पुन्हा टिकल्या चिकटवायला लागली.

त्याच आठवड्यात गोपालनं चाळलेला शेवटचा माल भट्टीतून निघून हौदावर आला. माल चांगला होता. भागीरथीनं पहिल्या कँडल लावल्या, बुडबुडे सारखे आले. चहाची वेळ झाली म्हणून तिनं कॉम्प्रेसर बंद केला आणि पदराला हात पुसले.

बुडबुडे चालूच होते.

नळीत हवा उरली असेल म्हणून ती थांबली. चहा पिऊन आली, तरी चालूच. तिनं एक कँडल नळीवरून काढून नुसतीच हौदाच्या तळाशी ठेवली. तिच्यातूनही येत होते. भूपेंद्रला हाक मारली.

“हवा फसेली छे अंदर,” तो म्हणाला. मग हसला. “कँडलने दमो थयो के शुं, मासी?”

“कँडलला नाही झाला, भूपेंद्र.”

त्याचं हसू ओठांवरच राहिलं. तो खाली मान घालून निघून गेला.

दुपारी तिनं दुसऱ्या चाळणाऱ्याच्या जुन्या कँडल शेजारी ठेवून पाहिल्या. त्या गप्प होत्या. गोपालच्या मालातून मात्र बुडबुडे येत होते, आणि ते सरळ येत नव्हते. बारीक यायचे, अडायचे, पुन्हा बारीक यायचे, आणि मग एकदम मोठा लोंढा फुटायचा. कुणीतरी वर चढून थकावं आणि भिंतीला हात लावून उभं राहावं, तसं. शेवटच्या दिवसांत गोपालला उशाला टेकवून ती रात्ररात्र बसली होती. श्वासाची ही चाल तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी भूपेंद्रनं येऊन त्यातली एक कँडल उचलली आणि हौदाच्या काठावर आपटून फोडली. आत पांढरे, एकसारखे दाणे. दिवसभर पाण्यात पडलेली कँडल आतून कोरडी ठक्क होती. भागीरथीनं तुकडा हातात घेतला. तो कोमट होता.

“भट्टीची गरमी,” भूपेंद्र म्हणाला.

माल भट्टीतून निघाला त्याला चार दिवस झाले होते. हे त्यालाही माहीत होतं. त्यानं तुकडे लाथेनं बाजूला सारले आणि त्या दिवसापासून तो हौदाकडे यायचा बंद झाला.

भागीरथीला मात्र रडू आलं नाही. तिच्या मनात एकच आलं. हे वर्षाला दाखवायचं. सांगून ऐकत नाही ती, पण हे पाहिलं की चाळणीच्या खोलीच्या वाऱ्याला उभी राहणार नाही. पोरगी घाबरली पाहिजे. घाबरली म्हणजे वाचली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती वर्षाला घेऊन आली. सगळे बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसले होते. मशिनं बंद होती. हौदातला आवाज दारापर्यंत येत होता.

वर्षा काठाशी उभी राहिली.

“ओळखलं?” भागीरथीनं विचारलं. “बघ काय करून ठेवलं त्याचं. अजून सुटला नाही तो. तुलाही असंच व्हायचं का?”

वर्षानं पदर कमरेला खोचला आणि हात पाण्यात घातला. तळाशी जाऊन एका कँडलवर तळवा ठेवला.

बुडबुडे थांबले.

हौद एकदम शांत झाला.

मग पुन्हा सुरू झाले. सावकाश. एकसारखे. मधे कुठे अडणं नाही, फुटणं नाही. झोपलेल्या माणसाचे श्वास असतात तसे.

वर्षानं मागे वळून पाहिलं. पोळ्यापासून भागीरथीनं तिचा असा चेहरा पाहिला नव्हता.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “ह्यांना आता धाप लागत नाही.”

“वर्षा, हात काढ.”

“थांबा ना जरा.”

सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत तिनं हात काढला नाही.

सकाळी वर्षा चाळणीवर हजर झाली. भागीरथीनं रात्रभर समजावलं होतं, शपथा घातल्या होत्या, शेवटी हात जोडले होते. काही उपयोग झाला नाही. मग तिनं मेडिकलमधून जाड मास्क आणला, तिला खोलीच्या दाराशी गाठलं आणि स्वतःच्या हातानं तो तिच्या तोंडावर बांधला.

“एवढं तरी ऐक माझं.”

वर्षानं मान हलवली. सासूच्या पाया पडली. मग मास्क सोडला, नीट घडी घातली आणि भागीरथीच्या हातात ठेवला.

“हे तुम्ही घरी घेऊन जा, आत्या,” ती म्हणाली. “मधे कापड येतं.”

दार लागलं. आतून कडी बसली. चाळणीची मोटर घरघरली.

भागीरथी तिथेच उभी राहिली. त्या खोलीला पंखा नव्हता, खिडकी नव्हती. चाळणी सुरू झाली की पीठ दाराखालून बाहेर यायचं आणि पायरीवर पांढरं पसरायचं. रोजचंच होतं ते.

आज पायरीवरचं पीठ दाराखालून आत जात होतं. थोडं जायचं, थांबायचं, आणि पुन्हा जायचं.