वरच्या कडेची खाच

विश्वास ठेवा, नका ठेवू... माझ्या उत्तममामाने आयुष्यात कधी थाप मारली नाही.

तारीख त्याला मरेपर्यंत पाठ होती. अकरा फेब्रुवारी १९५७, दुपारचे तीन. परळची एक मोठी कंपनी. नाव सांगत नाही.

मामा करी रोडच्या चाळीतला, नुकताच मॅट्रिक झालेला. घरातले सगळे गिरणीत. ही नोकरी मिळाली असती तर ऑफिसात बसणारा तो पहिलाच.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. कार्डांना भोकं पाडून माहिती साठवत. चाचणीला वीस कामगारांची यादी दिली. एकेक कार्ड यंत्रावर टोचायचं आणि भिंतीतल्या फटीतून पलीकडच्या खोलीत सरकवायचं. तिथला माणूस तेच पुन्हा टोचून ताडून बघणार. उजव्या कडेला खाच पडली तर कार्ड बरोबर. वरच्या कडेला पडली तर चूक, आणि खाच नेमकी चुकलेल्या जागेच्या वर.

समोर साहेब कोऱ्या कार्डाच्या कोपऱ्याने कान कोरत बसले होते. तेच कार्ड त्यांनी मामापुढे सरकवलं. मामाला शिसारी आली. पण नोकरी हवी होती, त्याने ते घेतलं.

एकोणीस कार्डं बरोबर आली.

विसावं दत्ताराम नावाच्या माणसाचं. यादीत शेरा 'काम सोडलं', त्याचा ठरलेला आकडा तीन.

पलीकडे खटखट झाली... थांबली.

कार्ड परत आलं. खाच वरच्या कडेला, त्या तीनच्या वर.

मामाने पुन्हा टोचलं. पुन्हा तेच.

"सगळे इथेच अडकतात," साहेब कंटाळून म्हणाले.

चूक विचारायला मामाने पलीकडचं दार ढकललं.

खुर्चीवर धुळीचा थर होता. खोलीत कुणीच नव्हतं... आणि यंत्राची कळ आपोआप खाली-वर होत होती.

दाराशी भिवा शिपाई उभा होता. तो हळूच म्हणाला, "दत्तारामचीच खुर्ची ती. त्यानं काम सोडलं नाय रे. गेल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात गेला. हितनं घरी जाताना."

मामाने साहेबांना सरळ विचारलं. ते हसले.

"माहीत आहे. गोळीबारात मेलेला माणूस आमच्या कागदावर नको. आणि काम तर होतंय ना? ती जागा भरायची गरजच पडली नाही."

मेलेल्या माणसालाही हे लोक राबवून घेत होते. मामा म्हणायचा, भुताची भीती वाटली, पण किळस आली ती त्या हसण्याची.

त्याने नवं कार्ड घेतलं. यादीखालच्या तक्त्यात 'मृत्यू'चा आकडा चार होता, तो टोचला. फटीतून सरकवलं.

उजव्या कडेला खाच पडून ते परत आलं.

साहेबांनी ते फाडलं. सांगितलेलं टोचणारा माणूस हवा, म्हणाले. नोकरी हातची गेली.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. लिफाफा घट्ट चिकटवलेला. आत इंग्रजीत एकच ओळ, उमेदवार मुलाखतीला गैरहजर राहिला.

मामा रागाने ते फाडणार होता, पण हात थांबला.

कागदाच्या वरच्या कडेला एक छोटी गोल खाच होती... बरोबर 'गैरहजर'च्या वर.

ते पत्र आता माझ्याकडे आहे. मी स्वतः एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. परवा आम्ही तेरा जणांना काढलं. वरून आलेल्या यादीप्रमाणे प्रत्येकाच्या नावापुढे मी भरलं, 'स्वेच्छेने राजीनामा'.

शेजारचं टेबल रिकामं होतं.

तिथे खटखट झाली... आणि थांबली.