बुरुजावरचे चुन्याचे टिपके

"अबे, एक तारखेले बुरुजाची फीत कापतील, मंग शंभर पोट्टे पायऱ्यांवर! आपण आजच चढून घेऊ!" असं म्हणून आयुषनं कैरीची शेवटची फोड तिखटमिठासकट तोंडात कोंबली.

"चढशील! अन् चौकीदारानं धरलं तं?" वैष्णवी म्हणाली. ती त्याची मोठी बहीण. दोन वर्षांनीच मोठी, पण तोरा वीस वर्षांचा.

"आता कोणता चौकीदार? तो चुनेवाला बुढा तं कवाचाच..."

एवढं बोलून आयुषची जीभ जागीच थबकली. शेजारी संगीता बसली होती. तिनं हातातली कोय तेवढी खाली टाकली आणि परकराला बोटं पुसली.

तो चुनेवाला बुढा म्हणजे तिचा दादा, आजा, बाबूसिंग. हिवरगडच्या टेकडीवरच्या बगीच्याचा तो एकोणीस वर्षं चौकीदार होता. बगीच्याच्या मधोमध जुना काळा बुरूज. कोण्या राजानं बांधला ते गावात प्रत्येकजण वेगळंच सांगतो, म्हणजे कोणालाच ठाऊक नाही. त्या बुरुजाचं दार बाबूसिंग आपल्या स्वतःच्या कुलपानं बंद ठेवायचा. दिवाळीच्या सुमारास बगीचा समितीचे लोक पाहणीला आले. बुरुजाच्या भिंतीवर पांढरे पांढरे टिपके दिसले. आता आपल्याकडे तंबाखू मळून झाली, की बोटाला उरलेला चुना माणूस कुठे पुसतो? जी भिंत समोर येईल तिला! समितीनं तेच धरलं. 'राखणदारच ऐतिहासिक वास्तू घाण करतो' म्हणून त्याचं कुलूप काढून त्याच्या हातात दिलं आणि त्याला घरी पाठवलं. माघात तो गेला.

आणि नोकरी गेल्यापासून तो जाईपर्यंतच्या त्या अडीच महिन्यांत संगीता त्याच्याशी धड बोलली नव्हती. शाळेत पोरी चिडवायच्या, "चुनेवाल्याची नात, चुनेवाल्याची नात!" एकदा घरी येऊन ती त्याला म्हणाली होती, "तुमच्यापायी मले तोंड दाखवाले जागा नाही राह्यली!" तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला. आता ते पाहणं तिला भाकरीच्या घासागणिक आठवायचं.

"चला," ती उठून म्हणाली. "मीबी येतो."

बुरुजाला नवा पिवळा रंग चढला होता. दाराला कुलूप नव्हतं. आत पहिल्या वळणापर्यंत रंगाऱ्यांचे हात पोचले होते, पुढे मात्र काळा दगड तसाच. आणि त्या दगडावर पांढरे टिपके. संगीतानं मान फिरवली.

"थांब थांब!" वैष्णवीनं मोबाइलचा उजेड पाडला. "आयुष, बोटाचा चुना तू कुठं पुसशील?"

"मी तंबाखू खात नाही! आईले सांगशील तं..."

"अबे, समज! कुठं पुसशील?"

"हाताशी. इथं." त्यानं कमरेच्या उंचीला बोट टेकवलं.

"मंग हा टिपका एवढ्या वर काहून? याले तं शिडी लागली असन! अन् हा पाह्य, हा, तो... सगळे भेगेवरच हायेत! कोऱ्या दगडावर एकबी नाही!"

आता संगीतानं पाहिलं. खरंच होतं. दगडांच्या सांध्यातून वाकडी भेग वर गेली होती, आणि टिपके तिच्या या काठापासून त्या काठापर्यंत, ओढ्यावर पूल टाकावा तसे. काही पिवळट पडलेले, काही पांढरेशुभ्र. पण एकूण एक टिपका मधोमध तुटला होता. त्यात तिची करंगळी जाईल एवढी फट होती.

"हे पुसणं नाही," ती हळूच म्हणाली. "हे लावणं हाय."

तिघं धावत खाली आले ते थेट उकंडा मिस्त्रीकडे. गावातल्या निम्म्या विहिरी त्यानं बांधलेल्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू, आणि दिवसभर कडुनिंबाखाली बसणं.

"टिपका!" म्हातारा हसला. "बाप्पा, कोणं लावला? आता कोणाले येते ते! भेग झोपली हाय का जागी हाय, ते पाहाची रीत हाय ती. चुना वाळला का ताणत नाही. भिंत केसभर सरकली, तरी तुटते. नवा तुटला, का समजाचं, भिंत चालून राह्यली."

"अन् एकामागून एक सगळेच तुटले तं?" आयुषनं विचारलं.

"तं तिथून पळाचं, पोट्ट्या! कोणाच्या घराचं सांगून राह्यला तू?"

उत्तराला कोणी थांबलं नाही. संगीता तर कडुनिंबापासून दहा पावलांवर मटकन खालीच बसली.

"त्यानं मले सांगतलं काहून नाही?" ती रडत म्हणाली. "एक डाव तं सांगाचं!"

वैष्णवी तिच्याजवळ बसली. उगाच समजूत घालण्याऐवजी तिनं आपला रुमाल पुढे केला. पोरगी शहाणीच म्हणायची!

समितीचे अध्यक्ष भगवानराव म्हणजे आयुष-वैष्णवीचे आबाजी, आजोबा. सुटीत दोघं त्यांच्याकडेच राहायला आलेली. साठ एकराचे धनी, शब्दाला वजन, आणि कानाचं दार मात्र सदा बंद असा माणूस. पोरांनी सारं सांगितलं. आबाजी तळहातावर तंबाखू मळत ऐकत होते.

"भेगा सिमेंटनं भरल्या. वरून रंग मारला. मंग?"

"आबाजी, भिंत आतून सरकून राह्यली! बाबूसिंगदादांनी..."

"त्या माणसाचं नाव नको!" त्यांनी चिमूट ओठाखाली ठेवली, आणि बोटाचा चुना खुशाल ओसरीच्या खांबाला पुसला. त्या खांबाला असा चुना तीस वर्षांचा होता. "खेळा जा!"

पोरं खेळायला गेलीच. फक्त खेळ त्यांनी निवडला.

संगीतानं घरी जाऊन दादीकडे, बिजलीबाईकडे, दादाची चुन्याची डबी मागितली. पितळेची, झाकणाला पोचा आलेली.

"कायले पायजे?"

"दादाचं काम उरलं हाय."

बिजलीबाईनं नातीकडे नीट पाहिलं. मग कनवटीची डबी काढून दिली. "दिवस बुडाच्या आंधी वापस आण. मले रोज लागते."

दादी तंबाखू खात नाही, मग तिला चुना कशाला लागतो, हे विचारायचं संगीताच्या मनात आलं आणि गेलं. घाई होती.

त्यांनी आत पाच टिपके लावले आणि बाहेर दाराच्या चौकटीपाशी एक. त्या जागी नव्या पिवळ्या रंगाला आताच केसासारखी चीर गेली होती. दुसऱ्या दिवशी दोन टिपके तुटलेले, तिसऱ्या दिवशी सहाच्या सहा.

"नखानं तोडले असतील तुम्हीच!" आबाजी गरजले. "उद्या पाहुणे येऊन राह्यले, शाळेचे पोरं वर चढून झेंडे फडकवणार हायेत. पुन्हा बुरुजाजवळ दिसले तं टांगा तोडतो!"

"शंभर पोरं," बाहेर आल्यावर वैष्णवी म्हणाली. "अन् वरून तो ताशांचा धमाका!"

संगीता घरी गेली. दादाच्या बाजेखाली गोणपाटात ते कुलूप होतं. काळं, जड, एकोणीस वर्षं हाताळून गुळगुळीत झालेलं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं.

एक तारखेला सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. बगीच्यात मांडव, खुर्च्या, ताशे. पांढऱ्या गणवेशातली पोरं हातात झेंडे घेऊन रांगेत. आणि बुरुजाच्या दाराला कुलूप! दारापुढे संगीता, एका बाजूला वैष्णवी, दुसऱ्या बाजूला आयुष.

"किल्ली दे!" भगवानराव लाल झाले.

"देतो, आबाजी," संगीता म्हणाली. "पण आंधी तुमच्या डबीचा चुना, तुमच्याच बोटानं, या चिरेवर लावा. भाषणं होतपर्यंत तो जसाच्या तसा राह्यला, तं किल्ली तुमची. अन् मी समद्यांपुढं कान धरून माफी मांगीन. माझ्या दादाच्या वतीनंबी."

"हे काय चालू आहे?" पाहुण्यांनी विचारलं. गर्दीत हशा पिकला. "लावा हो भगवानराव, चुन्याचा काय तोटा तुमच्याकडं!" कोणी ओरडलं.

लोकांपुढे मागे हटणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी डबी काढली, बोटभर चुना त्या चिरेवर फासला आणि ताडताड मांडवात गेले.

त्या उन्हात चुना वाळायला कितीसा वेळ! पाहुणे बोलले, सरपंच बोलले, ज्यांना बोलायचं काही नव्हतं ते सगळ्यांत जास्त बोलले. मग ताशे सुरू झाले. धडाड् धडाड् धडाड्! संगीताचे डोळे टिपक्यावर होते. तिच्या मनात एकदा आलं, नको तुटू. दादा खोटा ठरला तरी चालेल, पण ही भिंत उभी राहू दे, ही पोरं उभी आहेत.

भगवानराव किल्ली घ्यायला आले. वाकले. आपल्या हातानं लावलेल्या टिपक्यापाशी डोळे नेले.

टिपका मधोमध तुटला होता. ते पाहत असतानाच एक बाजू खपली निघावी तशी गळून त्यांच्या पायावर पडली.

ते झटकन सरळ झाले. मग वळले आणि असे ओरडले, की ताशे गप्प झाले.

"मांगं सरा! पोरं मांगं घ्या! सगळे खाली, बगीच्याच्या बाहेर! ए, धावा!"

पोरं फाटकाशी पोचतात न पोचतात तोच आत काहीतरी घरंगळलं. आधी एक दगड, मग दोन, मग सगळा जिनाच कोसळल्यासारखा धडधड आवाज. बंद दाराखालून धुळीचा लोट बाहेर आला. बुरूज उभा राहिला, पण त्याचं पोट रिकामं झालं होतं. दाराचं कुलूप तेवढं शाबूत होतं.

मग काय! पाहुण्यांचे हार पोरांच्या गळ्यात पडले. "शाब्बास रे वाघांनो!" म्हणून आयुषच्या पाठीवर इतक्या थापा बसल्या, की तो म्हणाला, "बुरुजातून वाचलो, आता यांच्या हातानं मरतो!" वैष्णवी हसली आणि मग तिला रडूच फुटलं. सगळ्या गावानं संगीताचं कौतुक केलं. पंधरा दिवसांपूर्वी हेच गाव चुनेवाल्याची नात म्हणत होतं. गावाच्या जिभेला हाड नसतं, लाज तर मुळीच नाही.

संगीतानं हार काढून हातात घेतला. "हा माझा नव्हं," एवढंच म्हणाली आणि टेकडी उतरू लागली.

मागून भगवानराव चालत आले. पायी. ते संगीताच्या वस्तीत, बंजाऱ्यांच्या तांड्यात, पहिल्यांदाच येत होते.

बिजलीबाई दारात बसली होती. तिनं आवाज ऐकला होता, धूळ पाहिली होती. ती उठली नाही. संगीतानं हार दादाच्या बाजेवर ठेवला आणि सहज तिची नजर बाजेमागच्या भिंतीवर गेली.

भिंतीवर चुन्याचे टिपके होते. एकाखाली एक, ओळीच्या ओळी, पार जमिनीपर्यंत. ते तिथे होते हे तिला माहीत होतं. म्हातारपणी दादा खरंच बोट पुसायला लागला, असं तिनं धरलं होतं. पण या भिंतीला भेग नव्हती.

"दादी, हे काय व्हय?"

बिजलीबाई भगवानरावांकडे पाहत बोलली, नातीकडे नाही.

"नोकरी गेली त्या दिवसापासून म्हणे, 'बिजली, ते येतीन. माह्यावर रागावले हायेत, पण भिंत सरकली का मले बोलावाले येतीन. पोरं चढतात तिथं.' सांज झाली अन् कोणी आलं नाही, का एक टिपका लावे. असा शेवटच्या दिवसापर्यंत लावला. त्याच्यामांगं मी लावून राह्यली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांगाले गेलता तो तुमच्याकडं. तुमी ओसरीवर तंबाखू मळत होते म्हणे."

भगवानराव त्या भिंतीपुढे उभे राहिले. ओळींवरून त्यांची नजर हळूहळू खाली उतरत गेली, शेवटच्या, कालच्या टिपक्यापर्यंत. त्यांनी डोक्याची टोपी काढली.

बिजलीबाईनं बराच वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "आले ना. बसा आता. संगे, पाणी दे पाव्हण्याले."

संगीतानं तांब्या भरून दिला. ऊन कललं, सांज झाली. बिजलीबाईनं कनवटीची डबी काढली, उघडून पाहिली आणि झाकण लावून नातीच्या हातात ठेवली.

त्या दिवशी भिंतीवर टिपका पडला नाही.