उशिरा लागणारा दिवा

दुपारच्या साक्षीला अजून तासभर अवकाश होता, तरी कुमुदिनी मोंडकरनं वेणीफणी उरकून घेतली होती. अंदमान समुद्रात, जमिनीपासून दोनशे किलोमीटरवर, चार पोलादी खांबांवर उभ्या असलेल्या त्या ठाण्यात तिच्याकडे बघायला एरवी चिटपाखरूही नसायचं. पण साक्षीला बसायचं ते नीटनेटकं, हा तिचा दहा वर्षांचा नेम होता. आज तो शेवटचा पाळायचा होता.

साक्ष म्हणजे काय, हे आता शाळेतली पोरंही घडाघडा सांगतात. यंत्रं कुठलाही आवाज हुबेहूब बनवू लागली, तेव्हा ध्वनिमुद्रणाला काडीची किंमत उरली नाही. भारत म्हणे, आमच्या मालवाहू जहाजांच्या आडून परकी पाणबुडी गेली, हा तिचा आवाज. चीन म्हणे, तो आवाज तुम्हीच बनवलात. जपान दोघांचंही ऐकेना. तिघांचंही पोट त्याच समुद्रावर, आणि तिघंही एकमेकांवर तोफा रोखून बसलेले. बंदरांत कंटेनर गंजू लागले, तेव्हा कुठे शहाणपण सुचलं.

तोडगा निघाला मेंदूच्या शास्त्रातून. ओळखीचा आवाज कानावर पडला की साधारण एक तृतीयांश सेकंदात माणसाच्या मेंदूत विजेची बारीकशी लाट उठते. शास्त्रज्ञांनी तिला ओळखलहर असं नाव दिलं. ती दाबून ठेवता येत नाही आणि ओढूनताणून आणताही येत नाही. तोंड खोटं बोलू शकतं, ओळखलहर नाही. मग तिन्ही देशांनी मिळून सागरसाक्ष मंडळ काढलं आणि प्रत्येकाचा एकेक श्रावक वेगवेगळ्या ठाण्यात बसवला. मालवाहू ताफ्यातल्या प्रत्येक जहाजाचा पाण्याखालचा आवाज तिघांनी एकाच वेळी ऐकायचा. डोक्यावरची टोपी लहर टिपणार, आणि लहर उठली की तिन्ही ठाण्यांत त्या श्रावकाचा दिवा लागणार. तिन्ही दिवे लागले तर जहाज पुढे. आवाजात परकं काही मिसळून एक जरी काळा राहिला, तर ताफा जागच्या जागी थांबायचा आणि तिन्ही आरमारं सज्ज व्हायची.

तिघांनी संगनमत करू नये म्हणून त्यांना एकमेकांशी बोलायची बंदी होती. नावंसुद्धा ठाऊक करून द्यायची नाहीत, असा करारच होता. करार करणारी माणसं हुशार असतात. पण दहा वर्षं एकटं बसल्यावर माणूस काय करतो, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

कुमुदिनीची निवड झाली ती तिच्या कानांमुळे. तिचा बाप मालवणच्या दर्यात वल्ह्याचा दांडा कानाला लावून पाण्याखालची घोळ मासळी ऐकायचा आणि नेमकं तिथेच जाळं टाकायचा. तिनंही तो दांडा कानाला लावलेला. ठाण्यात आल्यावर वर्षभरात तिला शेकडो जहाजं आवाजावरून पाठ झाली. आणि दुसऱ्या वर्षी तिला ते दोन दिवे पाठ झाले.

चीनचा दिवा भलताच उतावळा. आवाज कानात शिरतो न शिरतो तोच लागायचा. ही कुणीतरी तरणी मुलगी असणार, असं ठरवून कुमुदिनीनं तिचं नाव चेडू ठेवलं. जपानचा दिवा मात्र उशिरानं लागायचा; आधी मंद, मग खात्री पटल्यासारखा पुरता. त्याचं नाव म्हातारो. रोज दुपारी तीसचाळीस जहाजं जायची, म्हणजे तीसचाळीस वेळा म्हातारो सावकाश सांगायचा की होय बाई, मीही ऐकलं. नवरा गेल्यापासून तिच्याशी इतक्या नियमानं कुणी बोललेलं नव्हतं.

म्हातारो वर्षातून महिनाभर रजेवर जायचा. बदलीच्या माणसाचा दिवा तिला पहिल्याच जहाजाला परका वाटायचा, आणि तो महिना तिला जेवण गोड लागायचं नाही. गेली दोन वर्षं मात्र त्यानं रजाच घेतली नव्हती. त्यालाही घरी कुणी नसावं, असा तिनं अर्थ लावला आणि तिनंही रजा घेणं सोडून दिलं. एकट्याला कशाला बसवायचं, एवढाच तिचा हिशेब.

सकाळच्या बोटीनं मंडळाचे डॉक्टर सौमित्र गानू आले होते. मेंदूशास्त्रज्ञ, पुण्याचे, बोलायला मऊ. त्यांच्याबरोबर कुमुदिनीच्या जागी नेमलेली नवी श्राविका होती. ती पलीकडच्या खोलीत टोपी घालून तयार बसलीही होती.

"मोंडकरबाई, आजपासून साक्ष तिची," गानू म्हणाले. "पण दुपारी तुम्ही बसा हवं तर, शेवटचं म्हणून."

"बसतंय. पण माका एक मागूचा आसा, डॉक्टर."

"मागा की."

"उद्या एकाच जहाजाक माझो दिवो काळो ठेवा. एकाच. तेंका कळूदे, मी गेलंय म्हणान. धा वर्सां सोबत केल्यानी. न सांगता कसा जाऊचा?"

गानूंनी चष्मा काढून पुसला. "ते जमणार नाही हो. दिवा काळा राहिला की ताफा थांबतो."

"मगे नव्या बायचो दिवो बघून कळतला तेंका. तिचो येगळोच दिसतलो."

गानूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती वाट बघत राहिली.

"तिचा दिवा त्यांना दिसणार नाही," ते शेवटी म्हणाले. "तुमचाच दिसेल. तुमची लहर कशी उठते, किती वेळात उठते, त्याचा ठसा आम्ही घेऊन ठेवलाय. नोंद होईल ती तिच्या खऱ्या लहरीची. साक्ष शंभर टक्के खरी. दिवा फक्त तुमच्या ठशावरून लागेल."

"कित्याक?"

"कारण तुमच्या आधीच्या तिघांत आम्ही माणसं नुसती बदलून पाहिली. एक श्रावक बदलला की उरलेल्या दोघांच्या लहरी डळमळायच्या. आवाज तेच, कान तेच, तरी ओळख पटायची नाही. ताफे अडकायचे. मग लक्षात आलं की तुम्ही श्रावक नुसती जहाजं ओळखत नव्हता. एकमेकांच्या सोबतीनं ओळखत होता. महिनाभराची रजा मेंदू सोसतो, कायमचं जाणं नाही. तीन देशांचा व्यापार एवढ्यावर उभा आहे, बाई. हे बाहेर फुटलं तर पुन्हा तोफा."

कुमुदिनी खिडकीकडे गेली. बाहेर निळं पाणी होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. तिच्या मनात दोन वर्षांच्या न घेतलेल्या रजा एकेक करून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर," ती वळून म्हणाली, "म्हातारो कधी गेलो?"

म्हातारो कोण, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "दोन वर्षं झाली. ठाण्यातच वारले. झोपेत."

"आणि माका कोणी सांगूक नाय."

"सांगितलं असतं तर तुमची लहर—"

"माझी ल्हर खड्ड्यात घाला," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. दोन वर्षं ती एका मेलेल्या माणसाला सोबत करत होती. तिकडे त्याच्या जागी कुणीतरी जिवंत माणूस रोज बसत होता, आणि त्याचा दिवा तिनं एकदाही पाहिला नव्हता.

साक्षीची घंटा झाली. गानू म्हणाले, नाही बसलात तरी चालेल. ती बसली. तिनं टोपी घातली, कानावर यंत्र चढवलं. पहिलं जहाज आलं, जुनं, ओळखीचं, डाव्या पंख्याला किंचित खरखर असलेलं. चेडवाचा दिवा लागला. मग म्हाताऱ्याचा, आधी मंद, मग पुरता. समोरच्या पडद्यावर तिच्या डोक्यातली लाट उंच उठली. तो गेल्याचं तिला माहीत होतं, पण तिच्या मेंदूनं ते मानलं नव्हतं.

दुसऱ्या जहाजाच्या आधी तिनं टोपी काढली. मंडळ काय करील ते करो. निदान एकदा आपला दिवा काळा राहू दे, निदान त्या चेडवाला कळू दे.

पडद्यावरची तिची लाट सपाट झाली. जहाज आलं. चेडवाचा दिवा लागला, म्हाताऱ्याचा लागला, आणि त्या दोघांच्या मधोमध, अगदी तिच्या वेळेला, पलीकडच्या खोलीतल्या नव्या श्राविकेच्या लहरीवर, तिचाही दिवा लागला.

टोपी मांडीवर घेऊन ती बघत राहिली. तिसरं जहाज आलं, चौथं आलं. दिवे लागत होते. चेडू तरी अजून आहे का, हे विचारायला तिनं मान वळवली, गानूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि विचारलं नाही.